पोटाचा टॉलरन्स : एका वहीतल्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

नवी वही, दोनशे पानी. कंपनीत इन्स्पेक्शनचं रजिस्टर ठेवतो तसंच हे ठेवायचं. तारीख, वेळ, काय खाल्लं, किती खाल्लं, कधी दुखलं, कितीदा जावं लागलं. फरक एवढाच की इथे जॉबही (तपासायचा पार्ट) मीच आणि इन्स्पेक्टरही मीच. आमच्या धंद्यात याला परवानगी नसते.

मागचं एकदाच लिहून टाकतो. सहा वर्षांपूर्वी गावच्या जत्रेहून आलो आणि चार दिवस जुलाब-उलट्या, सलाईन वगैरे झालं. बरा झालो, पण पोट पूर्वीचं राहिलं नाही. आतड्याच्या अशा संसर्गानंतर साधारण दहातल्या एकाला हे मागे लागतं म्हणे. सकाळी घर सोडेपर्यंत तीन वेळा. कंपनीची बस सहा दहाला येते, आणि निगडी ते चाकण कुठल्या पेट्रोल पंपावरचा संडास उघडा असतो हे ड्रायव्हरपेक्षा मला जास्त माहीत. संध्याकाळपर्यंत पट्टा एक भोक सैल करावा लागतो. मधेच दोन दिवस अजिबात काही होत नाही, मग त्याचीही काळजी.

आधीच्या एका डॉक्टरांनी रिपोर्ट बघून "सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका" एवढंच सांगितलं होतं. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे दुखणं खोटं, असा त्याचा अर्थ मी चार वर्षं घेतला. आत्ताच्या डॉक्टरांनी नीट विचारलं. शौचातून रक्त जातं का, वजन आपोआप उतरलं का, रात्री झोपेतून उठून जावं लागतं का, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर होता का. सगळ्याला नाही. हिमोग्लोबिन, थायरॉइड, गव्हाच्या सिलिॲक आजारासाठी टीटीजी, सूज कळायला शौचातलं कॅलप्रोटेक्टिन, हे सगळं ठीक. मग म्हणाले, आयबीएस, इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे रिपोर्ट ठीक असूनही चिडचिडं झालेलं आतडं. म्हणजे बाकी सगळं वगळून उरलेलं नाही, त्यालाही २०१६ पासूनचे ठरलेले निकष आहेत : गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोटदुखी, तिचा शौचाशी संबंध, शौचाची संख्या किंवा रूप बदललेलं, आणि सुरुवात सहा महिन्यांपेक्षा जुनी. मी सगळ्यांत बसतो.

आई म्हणाली, "म्हणजे संग्रहणीच की. तुझ्या आजोबांना होती."

आहारतज्ज्ञ मॅडमनी त्रास मोजायचं एक पान दिलं. पाच प्रश्न, प्रत्येकाला शंभर, एकूण पाचशे. १७५ पर्यंत सौम्य, ३०० पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. पन्नासने उतरलं तर फरक पडला असं धरायचं. आजचा आकडा २९०.

१४ जानेवारी

पहिला आठवडा काही बदलायचं नाही, फक्त लिहायचं. बेसलाइन. नशीब असं की बेसलाइनला काल भोगी आली.

भोगीच्या भाजीत काय नव्हतं? पावटे, घेवडा, ओले हरभरे, गाजर, वांगी, बोरं, वर तिळाचं कूट. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा. दुपारी एकला जेवलो. दोनला मस्त. तीनला मस्त. साडेचारला चहा घेतला आणि सहाला पोटाचा डमरू. आजवर अशा वेळी मी शिव्या चहाला घातल्या असत्या. वही बघितली तर भोगीला पाच तास झालेले. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, कडधान्यांतल्या साखरा लहान आतड्यात पचतच नाहीत. त्या मोठ्या आतड्यात पोचल्या की तिथले जीवाणू त्या आंबवतात, आणि पोचायलाच काही तास लागतात.

म्हणजे दोष सापडतो पॅकिंगला, झालेला असतो कास्टिंगला. सहा वर्षं मी पॅकिंगवाल्याला झापत होतो.

२ फेब्रुवारी, रविवार

दोन आठवडे फक्त साधे नियम पाळले. वेळेवर जेवण, सावकाश जेवण, तळलेलं कमी, चहा दिवसाला तीन कपांच्या आत. मी दिवसाला सहा कप घेत होतो. मोजल्याशिवाय कबूल केलं नसतं. कॅंटीनमध्ये जेवायला वीस मिनिटं मिळतात, त्यातली बारा रांगेत जातात, म्हणजे मी आठ मिनिटांत जेवत होतो. आता पहिल्या पाळीची गर्दी ओसरली की जातो.

आकडा २३५. काहीही न सोडता पंचावन्न उतरला.

मला घाई होती, थेट मोठ्या पथ्यावर जायचं होतं. मॅडमनीच थांबवलं. स्वीडनमध्ये २०१५ साली ७५ रुग्णांवर दोन्हींची तुलना झाली, एका गटाला हे साधे नियम आणि दुसऱ्याला कडक पथ्य. दोन्हीकडे साधारण निम्म्यांना फरक पडला. "इथेच भागलं तर पुढे कशाला जायचं?" त्या म्हणाल्या. माझं भागलं नाही. सकाळच्या तीन फेऱ्या दोनवर आल्या, फुगणं तसंच आहे.

उद्यापासून कडक पथ्य. त्याचं नाव फॉडमॅप. हा शब्द मेलबर्नच्या पीटर गिब्सन आणि सू शेफर्ड यांनी २००५ मध्ये काढला, आणि तिथल्याच मोनॅश विद्यापीठात एकेक पदार्थ प्रयोगशाळेत मोजून याद्या होतात. आतड्यात नीट शोषल्या न जाणाऱ्या, पाणी ओढणाऱ्या आणि आंबणाऱ्या साखरांची ही टोळी. कांदा, लसूण, गहू यांतलं फ्रुक्टन. कडधान्यांतलं गॅलॅक्टन. दुधातलं लॅक्टोज. आंबा, कलिंगड, मध यांतलं जास्तीचं फ्रुक्टोज. फ्लॉवर, मशरूम आणि शुगर-फ्री गोळ्यांतले पॉलिओल.

मुदत चार आठवडे. मॅडमनी लाल पेनाने लिहून दिलंय : "हा आहार नाही, ही तपासणी आहे. संपते."

आईला यादी वाचून दाखवली. कांदा नाही, लसूण नाही. ती म्हणाली, "माघात चातुर्मास?"

४ फेब्रुवारी

स्वयंपाकघरातली मीटिंग. बायको म्हणाली, "अहो, भाजी बिनकांद्याची होईल, पण फोडणी बिनलसणाची झाली तर घरात कोणी जेवणार नाही."

इथे एक चांगला जुगाड मिळाला. फ्रुक्टन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. म्हणजे तेलात लसूण लाल होईपर्यंत तळायचा, झाऱ्याने वेचून बाहेर काढायचा आणि मगच मोहरी. वास-चव तेलात, साखर लसणात. मात्र क्रम चुकायचा नाही. लसूण आत असताना आमटीचं पाणी पडलं की खेळ संपला. काढलेल्या पाकळ्या आईने मिठाबरोबर भाकरीला लावून खाल्ल्या आणि पथ्य चांगलं आहे म्हणाली.

कांद्याच्या जागी पातीचा फक्त हिरवा भाग. पांढरा गड्डा बायको वेगळा काढून स्वतःच्या भाजीत घालते.

हिंगाची डबी भिंगाखाली वाचली. खाण्याचा डिंक, मैदा, आणि मग हिंग. मैदा! पण चिमटीत मावणाऱ्या हिंगात मैदा तो किती. ठेवला. ड्रॉइंगवर शून्य कधीच लिहिलेलं नसतं, शून्याच्या पुढे अधिक-उणे असतंच.

९ फेब्रुवारी

डबा सुरू. ज्वारीची भाकरी, वांगं किंवा भेंडी किंवा दोडका, थोडा भात, ताक थोडंसं. तुरीच्या वरणाऐवजी मुगाची पातळ आमटी, छोटी वाटी. डाळ दोन तास भिजवून ते पाणी ओतून द्यायचं, कारण गॅलॅक्टनही पाण्यात उतरतं. मोड आलेले मूग त्याहून बरे. मोड येताना दाणा आपल्याच साखरा खातो.

केळं कच्चट हिरवट असेल तर चालतं, ठिपके पडलेलं नाही. गाडीवाल्याला "पिकलेली नकोत" म्हटल्यावर तो माझ्याकडे ज्या नजरेने बघतो ती वहीत मावणार नाही.

एक चोर सापडला. चहा कमी केल्यापासून मी दिवसभर शुगर-फ्री मिंटच्या गोळ्या चघळत होतो, सात-आठ सहज. मागे वाचलं, सॉर्बिटॉल. तेच ते पॉलिओल. पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलंच असतं, जास्त खाल्ल्यास जुलाब होऊ शकतात. पथ्याच्या यादीतलं सगळं सोडलं आणि खिशातलं राहिलं.

१६ फेब्रुवारी

आकडा १४५. मंगळवारी सकाळी एकदाच गेलो. बसमध्ये झोपलो. सहा वर्षांत पहिल्यांदा.

खूश होऊन मॅडमना सांगितलं की मी यादीबाहेरचंही बरंच सोडलंय, टोमॅटो, शेंगदाणे, अंडी, म्हटलं जितकं साफ तितकं बरं. त्यांनी वजनकाट्यावर उभं केलं. दीड किलो कमी. रागावल्या. अंड्यात मुळात या साखराच नसतात, ती का सोडलीत? आणि दुसरं म्हणजे हे पथ्य चार आठवडे केलं तरी आतड्यातले बिफिडो जातीचे चांगले जीवाणू घटतात. लंडनला २०१२ मध्ये मोजून झालंय. जे आपल्याला त्रास देतं तेच त्यांचं अन्न. कांदा-लसणावर माझ्याबरोबर आणखी कुणीतरी जेवत होतं.

अंडी आज रात्रीपासून परत.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

उपासाचं ताट मनातल्या मनात यादीशी ताडून बघितलं. साबुदाणा, वरई, बटाटा, शेंगदाणे, जिरं, मिरची. कांदा नाही, लसूण नाही, गहू नाही, डाळ नाही. मेलबर्नवाल्यांनी जणू आमच्या आईला विचारूनच यादी केली. फक्त खजूर बाजूला ठेवला, तो नापास. रताळं अर्धी फोड.

सकाळी खिचडी, काही नाही. संध्याकाळी चुलतभावाकडे साबुदाणा वडे. गरम होते, पाच खाल्ले. पंचवीस मिनिटांत धावत.

हे पाच तासांचं गणित नव्हे. पोटात तेलकट पडलं की जठर मोठ्या आतड्याला ढकलण्याचा निरोप पाठवतं. तो सगळ्यांनाच जातो, माझ्या आतड्याला जरा ओरडून ऐकू येतो. यादीत नसलेली गोष्ट, पण वहीत वेगळा रकाना केला : तेल. आता दोन घड्याळं. अर्ध्या तासाचं आणि पाच तासांचं. गुन्हेगार शोधताना आधी घड्याळ बघायचं.

३ मार्च

पथ्याचा पहिला भाग संपला. आकडा १४०. परत आणण्याचा भाग सुरू, आणि खरं काम हेच आहे. एका वेळी एक गट, तीन दिवस चढत्या मापाने, मग दोन-तीन दिवस मोकळे. बाकी जेवण पथ्याचंच, नाहीतर दोन व्हेरिएबल एकदम बदलले असं होईल. आमच्याकडे नवीन पोरं हेच करतात. फीडही बदलतात आणि टूलही, मग विचारतात फिनिश का सुधारली.

दूध : अर्धा कप, एक कप, दीड कप. दीडला थोडी गुडगुड. एक कपापर्यंत पास. म्हणजे चहातल्या दुधाला मी उगाच बदनाम करत होतो.

१० मार्च

गहू. दोन पोळ्यांपर्यंत काही नाही. तिसरीला संध्याकाळी फुगलं.

टूलरूममधले एकजण दोन वर्षं ग्लुटेन (गव्हातलं प्रथिन) सोडून बसलेत, दोनशे रुपये किलोचं पीठ आणतात. बरं वाटतं म्हणतात, आणि वाटत असणारच. पण नॉर्वेत २०१८ साली सिलिॲक नसलेल्या आणि ग्लुटेन बाधतं म्हणणाऱ्या ५९ जणांना एकसारख्या दिसणाऱ्या वड्या दिल्या. एकीत ग्लुटेन, एकीत फ्रुक्टन, एकीत दोन्ही नाही. प्रत्येक सात दिवस, कोणती कोणती ते न सांगता. सगळ्यांत जास्त त्रास फ्रुक्टनने झाला, ग्लुटेन रिकाम्या वडीपेक्षा वाईट ठरलं नाही. गव्हात दोन्ही असतात, म्हणून गहू सोडला की श्रेय ग्लुटेनला जातं. त्यांना हे सांगितलं. म्हणाले, "साहेब, पण माझं पीठ अजून चार किलो आहे."

त्यांनी टीटीजी केलेली नाही. गहू सोडण्याआधी करायची असते, सोडून बसल्यावर ती खोटं बोलते. हे मात्र जोर देऊन सांगितलं.

१४ मार्च, धुळवड

प्रोटोकॉल मोडला, लिहून ठेवतो. काल होळी. पुरणपोळी नको म्हणायची हिंमत माझ्यात नाही आणि ऐकून घ्यायची आईत नाही.

मी मात्र ओट्याशी उभा राहून बघितलं, आणि चाळीस वर्षं खाल्लेली गोष्ट पहिल्यांदा कळली. हरभऱ्याची डाळ शिजली, आईने चाळणीवर ओतली, खाली पातेल्यात पिवळट दाट पाणी जमलं. तो कट. डाळीतल्या पाण्यात विरघळणाऱ्या साखरा त्यात उतरल्या. आणि आपण तो फेकत नाही! चिंच, गूळ, गोडा मसाला घालून त्याची आमटी करतो आणि वाट्यांनी पितो. पुरणात राहिलेलं एक गॅलॅक्टन, पोळीच्या मैद्यातलं दुसरं फ्रुक्टन, आणि वरून कटाची आमटी म्हणजे त्याचं सरबत.

दोन पुरणपोळ्या खाल्ल्या, तूप घालून. आमटी घेतली नाही, एक चमचा चाखली फक्त. आई मनातून दुखावली. रात्री दहाला फुगलं, पण भोगीइतकं नाही. सकाळी एकदाच.

आई त्र्याहत्तर वर्षांची. तिने तीन पोळ्या आणि दोन वाट्या आमटी घेतली, ढेकर दिला आणि झोपली. मला वाटायचं तिला गॅसच होत नसेल. तसं नसतं. नॉटिंगहॅमच्या डॉक्टरांनी निरोगी माणसांना आणि आयबीएसवाल्यांना फ्रुक्टनचं पेय पाजून एमआरआय काढले, २०१७ मध्ये छापून आलं. गॅस दोघांच्या आतड्यात सारखाच. दुखलं ते आयबीएसवाल्यांना. गेज तेच, रीडिंगही तेच, अलार्मची सेटिंग वेगळी. हे वाचून मला फार बरं वाटलं, का ते नीट सांगता येत नाही. चार वर्षं "नॉर्मल आहे" ऐकल्याचा तो परिणाम असावा.

२९ मार्च

लसणाची चाचणी. ही आंधळी करायची ठरवलं, कारण पथ्य करता करता मी भित्रा झालोय. लसूण दिसला की पोटावर हात जातो.

बायकोची कल्पना, माझी नाही. दोन तऱ्हांची मुगाची आमटी. एकीत लसूण तळून काढून टाकलेली फोडणी, दुसरीत त्याच फोडणीत दोन पाकळ्या वाटून घातलेल्या. वास दोन्हीला लसणाचाच. चार डबे, बारा दिवसांत, मधे मोकळे दिवस. कुठल्या दिवशी कुठली ते तिच्या फोनमध्ये. मी रोज संध्याकाळी वहीत लिहायचं : होता किंवा नव्हता, आणि त्रास दहापैकी किती.

आज रात्री फोन आणि वही शेजारी ठेवल्या.

पहिला डबा : मी "नव्हता", त्रास एक. खरंच नव्हता.
दुसरा : मी "होता", त्रास चार. होता.
तिसरा : मी "शंभर टक्के होता", त्रास सात, दुपारी ऑडिट सोडून दोनदा गेलो. नव्हता.
चौथा : मी "नव्हता", त्रास तीन. होता.

तिसऱ्या डब्याकडे मी बराच वेळ बघत बसलो. त्या दिवशी कस्टमरचं ऑडिट होतं, सकाळी साडेपाचपासून पोटात गोळा. लसणाचा एक कण नव्हता आणि सगळ्यांत जास्त दुखलं. दुखणं खोटं नव्हतं, मी स्वतः त्या संडासात बसलो होतो. कारण चुकीचं लिहिलं होतं. डबा आंधळा नसता तर वहीत "लसूण : सात, बाद" अशी नोंद गेली असती आणि मी ती जन्मभर खरी मानली असती.

बायको एवढंच म्हणाली, "म्हणजे ऑडिटलाही पथ्य लावा."

लसूण : दोन पाकळ्यांपर्यंत सशर्त पास. नवा रकाना : झोप किती, ताण किती. हा बारा जानेवारीलाच आखायला हवा होता.

३० मार्च, पाडवा

श्रीखंड. चक्का टांगल्यावर दह्यातलं पाणी निथळून जातं, त्याबरोबर बरंच लॅक्टोजही जातं. कटाची उलटी गोष्ट, इथे पाणी फेकतो. एक वाटी, पुऱ्या दोनच. काही झालं नाही. कडुनिंबाची गोळी आईने जबरदस्तीने दिली, तिची नोंद कुठल्या रकान्यात करायची?

६ एप्रिल

कांदा. आंधळी चाचणी जमली नाही, चव लपत नाही. मोठा चमचाभर पोह्यांत, चालला. पाव कांदा भाजीत, फुगलं. अर्धा कांदा, रात्र वाईट, दुसरा दिवसही. ताण नव्हता, झोप पूर्ण, तेल माफक. पाचव्या तासालाच. कांदा खराखुरा आरोपी आहे आणि मला त्याचं वाईट वाटतंय. मिसळीवर कच्चा कांदा पसरलेला असतो, लिंबू पिळलेलं असतं. असो.

१३ एप्रिल

फायबर. मधल्या काळात एका भल्या माणसाने गव्हाचा कोंडा खायला सांगितला होता, "पोट साफ तर सगळं साफ". मागच्या वर्षी महिनाभर खाल्ला, त्या काळातली पट्ट्याची भोकं आठवतात. मॅडमनी डच अभ्यास सांगितला, २००९ चा, २७५ रुग्ण. एका गटाला इसबगोल, दुसऱ्याला कोंडा, तिसऱ्याला नुसतं तांदळाचं पीठ. इसबगोलने फरक पडला. कोंड्याने पडला नाही, उलट त्रास वाढला म्हणून बरेच जण मधेच सोडून गेले. इसबगोल पाणी धरून जेलीसारखा होतो, आतड्यात सावकाश आंबतो, म्हणून गॅस कमी. जुलाबाला घट्ट करतो, कडक असेल तर मऊ करतो. माझ्यासारख्या दोन्ही तऱ्हा असलेल्याला बरा.

तो उत्तर गुजरातेत उंझा-सिद्धपूरकडून येतो आणि आमच्या फडताळात आईच्या डब्यात सदैव असतो. सहा वर्षं त्याच्या शेजारून मी गोळ्यांची पाकिटं काढत होतो. एक छोटा चमचा, मोठा ग्लास पाणी, लगेच प्यायचं. थांबलं की चमचा उभा राहतो.

२० एप्रिल

हापूस. आंब्यात ग्लुकोजपेक्षा फ्रुक्टोज जास्त, आणि जास्तीचंच तर नडतं. अर्धा आंबा नुसता, सकाळी अकराला. काही नाही. दुसऱ्या दिवशी रविवारचं जेवण, एक वाटी आमरस, तीन पुऱ्या, बटाट्याची भाजी, कुरडई. संध्याकाळी पाचला पट्टा सैल.

रस वाटीभर वेगळा चालला असता. दोन पोळ्यांइतका गहूही वेगळा चालतो. दोन्ही एका ताटात आले की बेरीज होते. असेंब्लीत प्रत्येक पार्ट टॉलरन्समध्ये, म्हणजे चालणाऱ्या अधिक-उण्यात, असतो, तरी एकत्र बसवले की दार लागत नाही, तसं. स्टॅक-अप म्हणतात आमच्यात. हे मॅडमच्या यादीत नव्हतं. त्यांना सांगितल्यावर त्या हसल्या, म्हणाल्या, आहे की, मागच्या पानावर. खरंच होतं.

३० एप्रिल, अक्षय तृतीया

आकडा १५०. पथ्याच्या तळाशी असलेल्या १४० पेक्षा दहाने जास्त, पण ताटात दूध, पोळी, लसूण, आंबा सगळं परत आहे. वजनही परत आलं. गेल्या आठवड्यात एक दिवस वाईट गेला, शिफ्ट बदलल्यावर. औषध डॉक्टरांनी गरजेपुरतं ठेवलंय.

फ्रिजवर कागद लावला. बायकोच्या अक्षरात, कारण माझं कोणी वाचत नाही. "पोळी २. दूध १ कप. लसूण २ पाकळ्या, फोडणीचा कितीही (काढून). कांदा पोह्यापुरता. रस असेल तर पुरी नाही, भाकरी. तळलेलं बाहेर खाऊ नये, घरी मोजून." खाली आईने पेन्सिलीने भर घातली : "कटाची आमटी १ वाटी." मी खोडली. संध्याकाळी बघितलं तर परत होती, यावेळी पेनाने.

कॅंटीनच्या ठेकेदाराशी बोललो. कांदा-लसणाशिवाय एक भाजी रोज काढता येईल का? म्हणाला, जैन भाजी म्हणून आठवड्यातून दोनदा काढतोच, कोणी विचारत नाही म्हणून बोर्डावर लिहीत नाही.

बाकी राहिलेल्या चाचण्या : राजमा, फ्लॉवर, कलिंगड. पावटे. वहीत एकवीस पानं शिल्लक. पावट्यांना मापात घ्यायचं तर ओलेच हवेत, ते आता हिवाळ्यातच.